सीमेवरच्या दोन लयी

दिवाळी अंकात अंधाराचा इतिहास लिहायला घ्यावा, हे काहींना अवलक्षण वाटेल. पण विजेच्या कामात उभे आयुष्य गेलेल्या माणसाला उजेडाची किंमत अंधारावरूनच मोजायची सवय लागते. शिवाय हा इतिहास आपल्या दारावरून गेलेला आहे. सीमाभागातल्या माणसाला सीमा म्हटली की भाषा आठवते, शाळा आठवते, दुकानांवरच्या पाट्या आठवतात. मला आणखी एक सीमा आठवते. तिच्यावर ना चौकी होती, ना दगड. तरीही ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत ती कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामधून, गोवा आणि कारवार यांच्यामधून, सोलापूर आणि रायचूर यांच्यामधून गेलेली होती. ती विजेच्या लयीची सीमा होती. ती कशी पडली, कशी पुसली आणि पुसताना देशाला काय शिकावे लागले, ते या लेखात सांगायचे आहे.

आधी लय म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरी येणारी वीज एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. या पन्नास आवर्तनांना वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. ही लय ठरते वीज तयार करणाऱ्या जनित्रांच्या फिरण्यावरून. कोळशाच्या केंद्रातले मोठे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, तेव्हा पन्नास आवर्तने मिळतात. अशी शेकडो जनित्रे तारांनी एकमेकांना जोडली की त्या जाळ्याला आपण ग्रीड म्हणतो. ग्रीडमध्ये आलेल्या प्रत्येक जनित्राला बाकीच्यांच्या लयीतच फिरावे लागते. तिथे कोणालाही स्वतंत्र ठेका धरता येत नाही.

जत्रेतला रथ डोळ्यांपुढे आणा. दोरांना शेकडो हात लागलेले असतात आणि रथ एका गतीने चाललेला असतो. चढ आला की गती मंदावते. ओढणाऱ्यांनी जोर वाढवला की ती पूर्ववत होते. विजेची मागणी हा चढ आणि जनित्रांची शक्ती हे ओढणारे हात. मागणी वाढली आणि शक्ती तेवढीच राहिली तर वारंवारता पन्नासाखाली उतरते. उलट झाले तर वर चढते. वीज मोठ्या प्रमाणावर कोठारात भरून ठेवता येत नसल्यामुळे हा हिशेब दर क्षणी जुळावा लागतो.

पण एवढ्याने गोष्ट संपत नाही. लांबलांबच्या केंद्रांना जोडणाऱ्या वाहिन्या लवचीक दोरासारख्या असतात. एका टोकाची जनित्रे दुसऱ्या टोकाच्या जनित्रांपेक्षा किंचित पुढे राहतात, दोर ताणला जातो आणि त्या ताणातूनच वीज इकडून तिकडे जाते. ताण वाढला की जास्त वीज जाते. मात्र या दोराचा एक विचित्र स्वभाव आहे. एका मर्यादेपलीकडे ताणला तर त्याची ओढ वाढण्याऐवजी घटते. मग पुढचे पुढे धावतात, मागचे मागे पडतात आणि ग्रीड दुभंगते. अभियंते ज्याला स्थिरतेचा प्रश्न म्हणतात, तो मुळात हा.

हे गणित प्रथम अमेरिकेत मांडले गेले. दूरवरच्या धबधब्यांची वीज शहरांत आणताना तिथल्या कंपन्यांना हा दोर नीट कळेनासा झाला होता. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १९२० मध्ये वीजकेंद्रांच्या स्थिरतेवर निबंध लिहिला. १९२६ मध्ये एडिथ क्लार्क या बाईंनी लांब वाहिन्यांच्या स्थिरतेवर आपला निबंध अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचला. त्या संस्थेपुढे निबंध वाचणारी ती पहिली स्त्री. तिने त्याआधी हाताने आकडेमोड करणाऱ्या जागेवर काम केले होते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

गणित कळले तरी अपघात टळले नाहीत. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी संध्याकाळी कॅनडातल्या नायगाऱ्याजवळच्या एका केंद्रात वाहिनीचे रक्षण करणाऱ्या रिलेने, म्हणजे धोका दिसताच वाहिनी तोडणाऱ्या यंत्राने, नेहमीचा वाढता भार धोक्याचा मानला आणि वाहिनी तोडली. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही तुटल्या आणि थोड्याच मिनिटांत न्यूयॉर्कसह अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे तीन कोटी माणसांना त्याची झळ पोचली. रिले बिघडला नव्हता. त्याला जे ठरवून दिले होते तेच त्याने केले होते. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, कारण सत्तेचाळीस वर्षांनी हाच प्रकार ग्वाल्हेरच्या वाटेवर घडणार होता.

आता आपल्याकडे येऊ. दक्षिणेत कावेरीवरच्या शिवनसमुद्रम् येथे १९०२ मध्ये वीजकेंद्र सुरू झाले आणि त्याची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. पश्चिमेत टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. एकीकडे म्हैसूर संस्थान, दुसरीकडे मुंबई इलाखा. दोन्हीकडची जाळी आपापल्या गरजेने, आपापल्या नदीच्या आधाराने वाढली. एकमेकांना जोडावे असे तेव्हा कोणाला वाटायचे कारणच नव्हते.

एकट्याने राहण्यातला धोका ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे दिसला. कोयनेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, माणसे मेली आणि त्याच वेळी कोयनेचे वीजकेंद्र बंद पडले. मुंबईपर्यंतच्या कारखान्यांना त्याचा धक्का बसला. माणसांच्या दुःखापुढे यंत्रांचे बंद पडणे ही लहान गोष्ट खरी. पण जाळ्याने एकाच खांबावर किती टेकावे, हा प्रश्न त्या पहाटे उभा राहिला. विश्वासार्ह वीजव्यवस्थेचा जगभर मानलेला नियम असा आहे की, तिच्यातली कोणतीही एक वस्तू, मग ते जनित्र असो, वाहिनी असो वा रोहित्र, अचानक गेली तरी उरलेल्यांनी काम निभावून न्यावे. एकत्र कुटुंबात कर्ता पुरुष आजारी पडला तरी चूल बंद पडता कामा नये, तसेच हे आहे. शेजारी जोडलेला असला तर हा नियम पाळणे सोपे जाते.

म्हणून देशाचे विजेच्या दृष्टीने पाच विभाग पाडले गेले : उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व आणि ईशान्य. महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि मध्य प्रदेश पश्चिमेत गेले. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू आणि केरळ दक्षिणेत. प्रत्येक विभागाची स्वतःची लय. आपली अदृश्य सीमा अशी पडली. फोंड्याचा पंखा इंदूर-वडोदऱ्याच्या लयीत फिरे आणि बेळगावचा पंखा मद्रास-हैदराबादच्या लयीत. कोल्हापूर आणि बेळगाव विभाग यांना, तसेच गोव्यातले फोंडे आणि पलीकडचा दांडेली-आंबेवाडीचा भाग यांना जोडणाऱ्या २२० किलोव्होल्टच्या वाहिन्या होत्या. पण दोन्ही टोके एकाच वेळी चालू ठेवता येत नसत. एका बाजूचा काही भाग तिथल्या जाळ्यापासून सोडवायचा आणि दुसऱ्या बाजूने भरवायचा, अशी ती पाहुणचाराची रीत होती.

त्या काळात उपकेंद्रांत वारंवारता दाखवणारा एक साधा मीटर असे. त्यात पोलादी पत्त्यांची रांग असते, प्रत्येक पत्त्याची लय वेगळी. ग्रीडची जी लय असेल तो पत्ता थरथरतो. १९९० च्या दशकात सीमेच्या अलीकडच्या एका उपकेंद्रात मी उभा असताना थरथरणारा पत्ता अठ्ठेचाळीस-साडेअठ्ठेचाळीसच्या आसपासचा असे. पलीकडच्या सहकाऱ्याला फोन केला की त्याचा आकडा निराळा. चाळीस-पन्नास मैलांच्या अंतरावर दोन माणसे एकाच क्षणी बोलत आहेत आणि दोघांच्या भिंतीवरची विजेची घड्याळे निराळ्या वेगाने चालली आहेत, याची गंमतही वाटे आणि खंतही. आमचे जुने लाइनमन म्हणत, “साहेब, रात्री सगळे झोपले की हा शहाण्यासारखा पन्नासावर येतो.” त्यात तथ्य होते. रात्री मागणी घटली की काटा पन्नासाच्या वरही जाई. संध्याकाळी दिवे आणि शेतीपंप लागले की घसरे.

असे का होई? विजेचा तुटवडा होताच. पण शिस्तीचाही होता. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला त्या क्षणी काही भोगावे लागत नसे. काटा घसरला तर तो सगळ्यांचाच घसरे. यावर उपाय निघाला तो अभियांत्रिकीपेक्षा बाजाराच्या बुद्धीने. ठरवून दिलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त वा कमी घेतलेल्या विजेचा हिशेब दर पंधरा मिनिटांनी करायचा आणि तिचा दर वारंवारतेवर ठेवायचा : काटा खाली असताना जास्त ओढाल तर महाग, वर असताना ओढाल तर स्वस्त. भानु भूषण यांचे नाव या योजनेशी जोडलेले आहे. पश्चिम विभागात ती १ जुलै २००२ ला आली, दक्षिणेत १ जानेवारी २००३ ला. काटा पुष्कळसा ताळ्यावर आला. उपदेशाने जे झाले नाही ते बिलाने झाले.

लयी ताळ्यावर येऊ लागल्या तशी विभागांची जोडणी शक्य झाली. आधी पुलासारखी एक युक्ती वापरली जात होती. एका विभागाची वीज एकदिश करायची आणि लगेच दुसऱ्या विभागाच्या लयीत पुन्हा घडवायची. म्हणजे माल पलीकडे जातो, पण लय जात नाही. पश्चिम आणि उत्तर यांच्यामध्ये विंध्याचल येथे १९८९ मध्ये असे केंद्र झाले. पश्चिम आणि दक्षिण यांच्यामध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला एक हजार मेगावॅटचे केंद्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले आणि त्याची पलीकडची वाहिनी रामगुंडमला, हैदराबादच्या मुलखात गेली. मग खरी जोडणी सुरू झाली. पूर्व आणि ईशान्य आधीच एक झाले होते. मार्च २००३ मध्ये पश्चिम विभाग त्यांना मिळाला. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर मिळाला. दक्षिण तेवढी वेगळी राहिली.

या मोठ्या जाळ्याची परीक्षा २०१२ च्या जुलैत झाली. पावसाने उत्तरेत ओढ दिली होती, शेतीपंप आणि पंखे जोरात चालले होते. पश्चिमेत पावसामुळे मागणी कमी होती, वीज शिल्लक होती. ती उत्तरेकडे वाहत होती. तिच्या वाटेतली बीना-ग्वाल्हेर-आग्रा ही वाहिनी महत्त्वाची आणि तिची एक जोडवाहिनी दाब वाढवण्याच्या कामासाठी बंद ठेवलेली. उरलेल्या दोरावर सारा ताण आला. ३० जुलैला रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर वाहिनीच्या रिलेने वाढलेला प्रवाह आणि उतरलेला दाब पाहिला, दूर कुठेतरी शॉर्टसर्किट झाले असावे असे मानले आणि वाहिनी तोडली. शॉर्टसर्किट कुठेच नव्हते. वीज पूर्वेच्या लांबच्या वळणाने उत्तरेला जाऊ लागली, तो दोरही मर्यादेपलीकडे ताणला आणि उत्तर विभाग तुटून कोसळला. सुमारे ३६,००० मेगावॅटचा भार गेला. दिवसभरात वीज परत आणली गेली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, दुपारी एक वाजता तीच वाहिनी पुन्हा तुटली आणि या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग बुडाले. सुमारे ४८,००० मेगावॅट आणि साठ कोटींवर माणसे ज्या भागांत राहतात ते भाग. तीनशेहून अधिक गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. बंगाल आणि झारखंडमधल्या कोळशाच्या खाणींत कामगार अडकले. ते पुढे सुखरूप बाहेर आले.

चौकशी झाली आणि कारणे सांगितली गेली : काही वाहिन्या बंद असल्याने अशक्त झालेला सांधा, बीना-ग्वाल्हेर-आग्रा वाहिनीवरचा अतिभार, तो उतरवण्याच्या सूचनांना राज्यांच्या भार नियंत्रण केंद्रांकडून न मिळालेला पुरेसा प्रतिसाद आणि शेवटी रिलेची ती समजूत. उत्तरेतली राज्ये जास्त ओढत होती हे सर्वांनी ऐकले. पश्चिमेतून ठरल्यापेक्षा जास्त वीज त्या वाटेवर ढकलली जात होती, हेही तेवढेच खरे होते आणि त्याची चर्चा मात्र कमी झाली.

मला या साऱ्या प्रकरणात एक आकडा सर्वांत बोलका वाटतो. ३० जुलैच्या त्या क्षणाआधी वारंवारता ४९.६८ होती, ३१ जुलैला ती ४९.८४ होती. म्हणजे काटा जवळजवळ जागेवर होता. आमच्या जुन्या मीटरवर पन्नासाच्या जवळचाच पत्ता थरथरत राहिला असता आणि लाइनमनने सुखाने चहा प्यायला असता. विजेचा दर त्या काट्यावर ठरत असल्यामुळे दरातही धोक्याची घंटा वाजत नव्हती. एकूण हिशेब जमत होता. ताण होता तो दोन विभागांच्या सांध्यावर. वारंवारता साऱ्या घराची नाडी सांगते, पण कुठला सांधा निखळायला आला आहे ते सांगत नाही. २००० च्या दशकात आम्ही नाडी सुधारायला शिकलो; २०१२ ने सांधे पाहायला शिकवले. आणि सांधे, वाचकहो, बहुधा सीमेवर असतात.

त्या दोन दिवसांत दक्षिण विभाग वाचला, कारण तो एकदिश विजेच्या पुलांनीच जोडलेला होता. पश्चिम विभागही तगला. यावरून कोणी म्हणेल, वेगळे राहणेच शहाणपणाचे. पण दक्षिणेत विजेचा तुटवडा होता, पलीकडे शिल्लक होती आणि पुलांची रुंदी पुरत नव्हती. शिवाय जाळे मोठे असले की एखादे जनित्र गेल्याचा धक्का हजारो मेगावॅटच्या फिरत्या चाकांत विभागला जातो. म्हणून त्या अंधारानंतर सतराच महिन्यांनी, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडून दक्षिणेची लय बाकीच्या देशाशी मिळवली गेली. सुरुवातीला तिच्यावरून मुद्दाम थोडीच वीज जाऊ दिली आणि सांधा डगमगला तर दोन्ही बाजूंना सोडवण्याची खास व्यवस्था ठेवली. नव्या सोयरिकीत पहिल्या वर्षी जपून बोलतात, तसे. पुढे धारवाडजवळच्या नरेंद्र केंद्रापासून कोल्हापूरपर्यंतही मोठी वाहिनी आली. आज कोल्हापूरचा पंखा आणि बेळगावचा पंखा एकाच लयीत फिरतात. मोकळी ठेवलेली वारंवारतेची मुभाही आता ४९.९० ते ५०.०५ इतकी अरुंद झाली आहे. अठ्ठेचाळीसच्या पत्त्याची थरथर पाहिलेल्या माणसाला यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो.

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरोघरचे दिवे बंद झाले. सुमारे ३१,००० मेगावॅटची मागणी काही मिनिटांत उतरली आणि पुन्हा चढली, वारंवारता ४९.७० ते ५०.२६ यांच्या आत राहिली. जलविद्युत केंद्रांनी आपला जोर झटपट कमी-जास्त करून ती पेलली. नाडी सांभाळण्याची विद्या हस्तगत झाली होती, याची ती साक्ष. पण त्याच वर्षी १२ ऑक्टोबरच्या सकाळी मुंबईला वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक गेल्या आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. संकटात शहराला ग्रीडपासून सोडवून स्वतःच्या केंद्रांवर तगवण्याची जी व्यवस्था होती, ती त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. देशाची नाडी ठीक, सांधा मात्र निखळलेला. ग्वाल्हेरचाच धडा पुन्हा.

यापुढचे प्रश्न निराळे आहेत. सूर्याच्या विजेला फिरते चाक नसते, त्यामुळे धक्का बसल्यावर पहिल्या काही सेकंदांत तो आपल्यात जिरवणारे जडत्व कमी होत चालले आहे. २८ एप्रिल २०२५ च्या भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तिथे प्रश्न वारंवारतेपासून सुरू न होता दाब अवाच्या सवा चढण्यातून सुरू झाला. म्हणजे नाडी, सांधे आणि दाब, तिन्ही पाहावे लागणार.

हे सारे दूर कुठल्या नियंत्रण कक्षातले काम आहे असे आपल्याला वाटते. पण आपण राहतो ते सांध्याच्या जागी. घाटाखालून, उसाच्या फडांवरून, दोन राज्यांच्या हद्दी ओलांडत जे मनोरे गेले आहेत, त्यांच्या तारांवरून दिवसा एकीकडे आणि रात्री दुसरीकडेही वीज जाऊ शकते. कधी आपण घेणारे असतो, कधी देणारे. ठरल्यापेक्षा जास्त ओढणारा तो सांधा तोडू शकतो आणि ठरल्यापेक्षा जास्त ढकलणाराही. दोन भाषांच्या घरांत वाढलेल्या आपल्या लोकांना हे शिकवायला अभियंता कशाला हवा? दोन्हीकडची नाती टिकवायची तर ताण दोन्हीकडून पाहावा लागतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. ग्रीडला ते कळायला २०१२ उजाडावे लागले.